असाईचा उच्चार

माझ्या वाढदिवसाला लेक आणि सून मला चिकलठाण्याच्या नव्या कॅफेत घेऊन गेले. मेन्यूतलं एक नाव मी "अकाई" असं वाचलं, तर सून खुदकन हसली. लेकानं मास्तरासारखं बोट वर केलं. "असाई, आई. शेवटच्या 'ई'वर जोर." माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं तेव्हा कुठं त्याचा जीव शांत झाला. ब्राझीलचं फळ, रक्ताला लई चांगलं, वर सुपरफूड! समोर आला गार जांभळा लगदा. तो पावडरीचा आहे, हे काउंटरवरच्या बाईनं विचारल्याबरोबर सांगून टाकलं. दोघांनी आधी फोटो काढले, मग जिभा जांभळ्या करून घेतल्या. चव म्हणाल तर ओल्या मातीत साखर.

घरी आलो तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात अर्ज घेऊन उभे. फाटकाजवळचं जांभळाचं झाड तोडायचं होतं; फळं पडून गाड्यांवर डाग पडतात म्हणे. माझी सही हवी होती. अर्जावर पहिली सही लेकाचीच होती.

मी कागद त्याच्या हातात दिला. म्हटलं, "जांभूळ. म्हण तीनदा."