दारावरची दोन नावं

गेल्या गुढीपाडव्याला मुलुंडच्या भाड्याच्या घरात मी, बायको आणि एक सुलेखनकार बसलो आणि पाटीचे चार हजार ठरले, एका नावाचे दोन. पुनर्विकासातल्या आमच्या नव्या दारासाठी तीन सुलेखनकारांचे नमुने पाहून तिनेच त्याला निवडलं होतं. "दादा, माझं नाव वर घ्या हं. रेशनकार्डावर मी जन्मभर दुसरीच," असं तिने सांगितल्यावर तोही हसला. दिवाळीत घराची चावी मिळाली, पण बायको श्रावणातच गेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, आईचं नाव नको ना. रोज दिसेल, त्रास होईल." मी म्हटलं, "रोज दिसू दे रे." पाटी लावून झाल्यावर सुलेखनकार तिच्या नावाचे पैसे घेईना. "ऑर्डर तिचीच आहे," असं म्हणून मी पूर्ण चार हजार त्याच्या हातात दिले.