सगळे बसेपर्यंत

मंदा परदेशात, अप्पर हटला आली ती विनिताची मुलगी श्रिया हिला सांभाळायला. नात्यानं विनिताची लांबची मावसबहीण, नगरकडची, आईबापांविना वाढलेली. विमानतळावरच विनिताच्या नवऱ्यानं, वरुणनं तिचा पासपोर्ट "हरवशील गं" म्हणून स्वतःकडे घेतला, तो आजवर त्यांच्या कपाटात. श्रिया शाळेत जायला लागली, तरी मंदा कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापलीकडे एकटी कधी गेली नाही. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं तिला दूर दुसऱ्या गावी, हॉर्नबीला काम बघून दिलं होतं. पण पासपोर्टचं नाव काढलं की विनिता म्हणे, "तू काय नोकर आहेस? बहीण आहेस माझी. बहीण अशी टाकून जाते का?"

त्या रविवारी दुपारी मराठी मंडळी त्यांच्याकडे जमली. आधी प्रार्थना, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं प्रीतिभोजन. मंडळीतले वडीलधारे मधुकरकाका, त्यांनी पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं सांगितलं. मालक लोक लवकर येत, खाऊनपिऊन तृप्त होत. गुलाम कामं उरकून येत, तोवर भांडी रिकामी. त्यावरून प्रेषित पौलानं पत्र लिहून करिंथच्या मंडळीची चांगलीच कानउघाडणी केली.

मंदा आत पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. तेवढ्यात मागच्या दारात कुणी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं, कुणी नव्हतं. वाऱ्यानं जाळीचं दार हलत होतं. पण तव्याकडे वळल्यावर ती माणसं पुन्हा पाठीशी जाणवली. दमलेली, धुळीनं भरलेली, एकमेकांना खेटून. मागत काहीच नव्हती. नुसती बघत होती.

बाहेर विनिता उठून उभी राहिली. "प्रभूसमोर सांगते, आज मंदा बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही."

"आमेन," सगळे म्हणाले. ताटं वाढून झाली.

"मंदाताई, या की! मटण निवतंय," काकांनी हाक दिली.

ओढणीला हात पुसत मंदा दारात येऊन थांबली. "काका, एक विचारू? जेवण झाल्यावर ते गुलाम कुठं गेले?"

"घरी."

"कुणाच्या?"

काकांनी चष्मा काढला. "मालकाच्या."

"म्हणजे सोडवलं नाही त्यांना?"

"भाऊ म्हणायला सांगितलं," काका हळूच म्हणाले.

"मंदा, बस ना गं," विनिता म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

"बसते. माझा पासपोर्ट द्या, मग बसते."

वरुण हसला. "जेवण झालं की बोलू."

"जेवण झालं की मला भांडी असतात, दादा."

कुणी हललं नाही. श्रियानं पापडाला हात घातला, तो विनितानंच धरला. शब्द प्रभूसमोर दिला होता. रश्श्यावर तेल थिजायला लागलं. मंदाच्या पाठीशी त्या माणसांचा थंड श्वास होताच. तिला वाटलं, आता आपण बसलो, तर ही माणसं कायमची उभी राहतील.

"मम, आय'म स्टार्व्हिंग," श्रिया कुरकुरली.

"दे रे बाबा," कुणीतरी पुटपुटलं.

वरुण उठला. आतून कपाटाचा आवाज आला. पासपोर्ट त्यानं तिच्या ताटाशेजारी ठेवला, हातात दिला नाही.

मंदा बसली. पहिला घास तिनं घ्यावा म्हणून सगळे थांबले. इतके डोळे तिच्या तोंडाकडे कधीच लागले नव्हते. तिनं घास घेतला. त्या सामसुमीत तो गिळल्याचा आवाज एवढा मोठा झाला, की हॉर्नबीच्या खोलीत एकटीनं जेवताना तो तिला अजून ऐकू येतो, आणि ती मध्येच थांबते.