अभिप्रायाच्या वहीतलं माझं पान

"बाकीचं सगळं राहू दे, ते गेमचं तेवढं काढून टाक," असं माझ्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून तोच गेम खेळत होते. मी म्हटलं, "वहीत खाडाखोड चालणार नाही, हा नियम कोणी केला?"

"मीच केला. म्हणून तर हात जोडते."

आमची पुस्तकांची भिशी आहे. दहा बायका. दरवर्षी प्रत्येकीने एक नवी, नुकतीच निघालेली कादंबरी आणायची. दहा पुस्तकं दहा घरांत महिन्यामहिन्याने फिरतात, आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर दोऱ्याने बांधलेली एक शंभरपानी वही फिरते. वाचून झालं की त्या वहीत अभिप्राय लिहायचा, निदान एक पान, पेनने. नुसतं "छान आहे, वाचनीय आहे" चालत नाही. अर्थात आमच्यातल्या दोघी तेवढेच चार शब्द पानभर ताणण्यात आता तरबेज झाल्या आहेत.

भिशी सुरू केली ती या मैत्रिणीने. पंचवटीत तिचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की ती गल्ल्यामागे बसून वाचत असते. मी गंगापूर रोडला राहते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून सगळ्या मला बाई म्हणतात. उत्तर बरोबर आलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत, तर मी मार्क देत नसे. ती खोड वाचतानाही सुटलेली नाही, आणि ती सुटावी असं मला वाटतही नाही.

गेमचं म्हणाल तर दोष गुडघ्याचा. ऑपरेशन झालं, दीड महिना घरात बसायची शिक्षा मिळाली. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली तेव्हा तिचा गेमचा डबा टीव्हीखालीच राहिला होता. तिने फोनवरून कुठली वायर कुठे लावायची ते सांगितलं आणि मी सुरू केलं. नवरा म्हणाला, म्हातारचळ लागला. मी म्हटलं, लागू दे, तुमच्या क्रिकेटपेक्षा यात मला निदान स्वतःला धावता येतंय.

सगळे गेम चांगले असतात असं मी म्हणत नाही. गोळीबाराचा एक गेम दोन दिवस खेळले. माणूस मारायचा, त्याच्याच खिशातून गोळ्या काढायच्या आणि त्या पुढच्याला घालायच्या. कंटाळा आला. फोनवरचे गेम तर दर पाच मिनिटांनी हात पसरतात. पण कादंबऱ्यांनी तरी फार नाक वर करू नये. गेल्या काही वर्षांत भिशीत ज्या आल्या, त्यातल्या निम्म्यांत एक पुरुष खिडकीत उभा असतो. त्याला काहीतरी झालेलं असतं. काय ते तो दोनशे पानं सांगत नाही, आणि शेवटी सांगतो तेव्हा वाटतं, एवढंच होतं तर चहा घेताना सांगायचं होतं. ऐतिहासिक कादंबरीत कोणाला तहान लागली तरी तो साधं पाणी मागत नाही, भाषण करतो. उलट एका तरुण मुलीची पहिलीच कादंबरी मागच्या वर्षी आली होती. त्यात सुरगाण्याकडची एक बाई द्राक्षबागेच्या कामाला निघताना घरातलं काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवते. तवा घेते, पाटा ठेवते, मग परत येऊन पाट्यावर पोतं टाकते. बारा पानं एवढंच चालतं. ती बारा पानं मी दोनदा वाचली. तिथे मी शंभरपैकी शंभर दिले, जे मी शाळेतसुद्धा फारसे दिले नाहीत.

तर आता तो गेम, ज्यावरून सगळं पेटलं. एका डोंगरगावात मी टपाल वाटणारी बाई. रोज पत्रं घ्यायची, चढ चढायचे, दारं वाजवायची. चौकात एक भाजीवाली बसते. तिच्याशी बोललं की ती दोन वाक्यं बोलते, हवेबद्दल आणि कोबीबद्दल. दर पाचव्या दिवशी दुपारी तिची जागा रिकामी असते. मला वाटलं, गेममध्ये काहीतरी चूक राहिली असेल. मग चाळीसाव्या की एक्केचाळिसाव्या दिवशी, एक पत्र घेऊन मी गावाच्या अगदी टोकाच्या घरी गेले, तर ही तिथे ओट्यावर बसून दुसऱ्या एका म्हातारीची वेणी घालत होती. बहीण. पुढे गावातल्यांच्या बोलण्यातून जुळलं: दोघींचं जुनं भांडण, एकमेकींशी बोलत नाहीत. पण बहिणीचे हात आता वर जात नाहीत, म्हणून ही पाचव्या दिवशी येते, तेल लावते, वेणी घालते आणि न बोलता निघून जाते. तिथे जाऊन बघ असं गेमने मला सांगितलं नव्हतं. बघितल्याबद्दल एक गुणही दिला नाही. मी बघितलं नसतं तरी ती दर पाचव्या दिवशी तिथे आलीच असती. मी हातातलं खाली ठेवलं आणि डोळे पुसले. कोणाला काय म्हणायचं असेल ते म्हणा.

त्याच आठवड्यात माझ्याकडे फिरत आली ती माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाची कादंबरी. तो पुण्यात प्राध्यापक. पुस्तकाचं बरंच नाव झालेलं. या वर्षी तिने भिशीत तेच आणलं होतं, आणि ते साहजिकही होतं. खेड्यातला हुशार मुलगा, गरिबी, आणि त्याची आई. पावणेचारशे पानांत ती आई एक वाक्य पूर्ण बोलत नाही. ती सुस्कारा टाकते, खोकते, मुलाच्या गालावरून हात फिरवते आणि दिव्याकडे बघते. पुस्तक त्याच्या स्वतःच्या लहानपणाचं आहे असं त्याने पहिल्याच पानावर लिहिलंय. म्हणजे ही माझ्या मैत्रिणीची आई. त्या बाईच्या गोष्टी मी चौदा वर्षं त्या दुकानात बसून ऐकल्या आहेत. ती एकटी चालत नाशिकला येऊन सिनेमा बघून जायची आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला सांगायची. विहिरीच्या पाण्यावरून सरपंचाला तिने त्याच्या दारात जाऊन झापलं होतं. ती बाई या पुस्तकात कुठेच नव्हती.

मी वहीत लिहिलं: "या कादंबरीतली आई लेखक आत आला की उभी राहते आणि लेखक बाहेर गेला की विझते. मी खेळते त्या एका गेममधली भाजीवाली मी नसतानाही जगते. तिचा विचार जास्त केलेला आहे. शंभरपैकी अडतीस, त्यातले तीन भाषेचे."

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रीण स्कूटरवरून थेट माझ्या घरी आली. पिशवीत वही, एक रेघांचा कोरा कागद आणि गोंदाची बाटली.

"यावर काहीतरी गोड लिही. पानावर चिकटवून टाकू," ती म्हणाली. "चिकटवायचं नाय असा काही नियम नाय."

"मी लिहिलेलं खोटं आहे का?"

"खरंखोटं राहू दे. शनिवारी तो येणार हाय भिशीला. चार वर्षांनी येतोय माझ्या घरी. वही त्याच्या हातात देणार मी. त्याला कळू दे की इथं पण बायका वाचतात."

"वाचतात, हेच तर कळेल."

"तू त्याच्या आईला भाजीवालीच्या खाली नेऊन बसवलंस. ते पण गेममधल्या."

"आईला नाही, त्याने लिहिलेल्या आईला. आणि भाजीवालीत कमीपणा काय आहे? माझी आई कळवणच्या बाजारात भाजी विकत होती."

हे तिला माहीत होतं. ती थोडी वरमली, पण मागे हटली नाही. माझी आईही काही दिव्याकडे बघत बसणारी नव्हती. कोणी भाव पाडून मागितली तर म्हणायची, "ठेव खाली, तुझ्याच्यानं नाय खाल्ली जायची ती." पुस्तकांतल्या आया वाचताना मला दर वेळी वाटतं, माझ्या आईला या लोकांनी दारातही उभं केलं नसतं.

"चिकटवणार नाही," मी म्हटलं.

मैत्रिणीने गोंदाची बाटली पिशवीत टाकली. "मग शनिवारी नको येऊस. तुझा गुडघा दुखतोय असं सांगीन मी."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ती गेल्यावर मी त्या दिवशी गेमही लावला नाही. या वयात गुडघा नवा मिळतो, मैत्रीण नवी मिळत नाही. एका कोऱ्या कागदाने ती राहणार होती, आणि मी तो कागद घेतला नव्हता. दोन दिवस मी स्वतःशी भांडले. पण बत्तीस वर्षं पोरींना सांगितलं की पायरी चुकली असेल तर चुकली म्हणा, समोर कोणीही असो. आता मीच कागद चिकटवायचा?

शनिवारी दुपारी मी गेले. रिक्षा भाजीबाजारापाशी अडकली, पुढे गल्लीतून चालत, गुडघ्यासह. दुकानाच्या वर तिचं घर. मला दारात बघून तिने एक उशी खुर्चीवर टाकली. गुडघ्यासाठी लागते ती.

भाऊ बोलायला मऊ, दिसायला थकलेला. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून त्याने पुस्तकातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. सात वर्षांचा मुलगा, ओढ्याला पाणी चढलेलं, डोक्यावर पाटी, आणि शाळा पलीकडे. एकटा तो मुलगा पाण्यात उतरतो. गळ्यापर्यंत पाणी येतं, तो पाढे म्हणत म्हणत पलीकडे जातो. त्याने फार चांगलं वाचलं. खरं सांगायचं तर मीही टाळ्या वाजवल्या. चांगल्याला चांगलं म्हणायला मी कधी कचरले नाही.

मग त्याने वही हातात घेतली. एकेकीचं वाचत, आभार मानत माझ्या पानावर आला. आधी मनात वाचलं. मग हसून सगळ्यांना वाचून दाखवलं, अडतीस मार्कांसकट.

"मॅडम, तुम्ही या वयात मुलांचे खेळ खेळता?"

"खेळते. तुमच्या कादंबऱ्याही वाचते. दोन्हीला चष्मा तोच लागतो."

कोणीतरी फिसकन हसलं. तो मात्र रागावला नाही, समजावण्याच्या सुरात म्हणाला, "साहित्यात आई ही व्यक्ती राहत नाही. ती प्रतीक होते."

"प्रतीकाला भूक लागते का? तुमच्या पुस्तकातली आई काय जेवते?"

"सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं," तो म्हणाला. दोघी-तिघींनी सुस्कारे टाकले.

"ते शंभर पुस्तकांत आहे. तिला आवडायचं काय?"

तो हातातल्या वहीकडे बघत राहिला. टाळत नव्हता, खरोखर आठवत होता, आणि त्याला आठवत नव्हतं. क्षणभर मला त्याची दया आली.

"भरीत," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. मैत्रीण चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "वांग्याचं. आणि ते ती आधी स्वतःला वाटीभर काढून ठेवायची. मग आपल्याला."

बायका हसल्या. तोही हसला. म्हणाला, "ताई, घरातलं वेगळं आणि कादंबरीतलं वेगळं."

ताई. त्या एका हाकेने मला कानफटात बसल्यासारखं झालं. त्याच्या कादंबरीतला मुलगा एकुलता एक आहे. पावणेचारशे पानांत त्याला ताई नाही. मी आई शोधत बसले, पान भरून अक्कल पाजळली, पण जिच्या गल्ल्यामागे बसून चौदा वर्षं चहा प्यायले ती या पुस्तकात नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अडतीस मार्क त्याला कशाला, मलाच द्यायला हवे होते.

तिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या हातातून वही घेतली. जिचं पुस्तक असतं तिने सगळ्यात शेवटी लिहायचं असतं, आणि तिचं पान अजून कोरं होतं. तिने कपाटावरचं पेन घेतलं, उभ्याउभ्याच लिहिलं, आणि वही उघडीच त्याच्यासमोर ठेवली. मी त्याच्या शेजारीच होते, मला दिसलं. अक्षर तिचं नेहमीचं, पावतीवर असतं तसं गोल.

"ओढ्यात मुलगा एकटा नव्हता. तो माझ्या खांद्यावर होता. पाटी माझ्या डोक्यावर होती. पाढे आम्ही दोघांनी म्हटले."

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं नाही. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तो हळू आवाजात म्हणाला, "तुला घेतलं असतं तर तो एकटा राहिला नसता, ताई. पुस्तकच उभं राहिलं नसतं."

"तू कुठे एकटा होतास," ती म्हणाली. "तुला पलीकडे शाळेपाशी उतरवलं की परत येताना मी एकटी असायची."