आठव्या महिन्यातला चेहरा

आठवा महिना चालू होता. सकाळी मोरीत चूळ भरली आणि पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर डावीकडचा चेहरा माझा होता, उजवीकडचा झोपल्यासारखा लोंबत होता. उजवा डोळा काही केल्या मिटेना.

सासूबाई गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि बादली तिथंच टेकवली. "तोंडावरनं वारं गेलं गं," एवढंच म्हणाल्या. लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात.

माझा हात पोटावर गेला. बाळ हलत होतं, तरी धीर येईना. नवऱ्याने गाडी काढली. कुणी काही म्हणायच्या आत सासूबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. पारनेरहून नगरला पोचेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. दोन्ही हात वर करायला लावले, चालून दाखवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "कपाळाला आठ्या घाल." आठ्या अर्ध्याच कपाळावर पडल्या.

"हा पक्षाघात नाही, त्यात कपाळावर आठ्या पूर्ण पडतात," त्या म्हणाल्या. "कानामागून चेहऱ्याकडे एक नस जाते, तिला सूज आलीये. शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर लगेच काही बायकांना होतं असं. अंगात पाणी साठतं, हार्मोन्स बदलतात. लगेच आलात ते बरं केलंत."

"बाळाला काही?"

"या नसेमुळे बाळाला काही होत नाही. बीपी मात्र बघत राहू. आणि डोळा जप, तो कोरडा पडता कामा नये."

गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि झोपताना पापणीवर लावायची चिकटपट्टी घेऊन आम्ही परतलो. मी शाळेत पहिलीला शिकवते. त्या दिवशी गाडीत मी हळूच प, फ, ब, भ, म म्हणून पाहिलं. ओठच जुळेनात. तेव्हा मात्र रडू आलं.

दुपारी सासूबाई माझ्या पापणीवर पट्टी लावत होत्या. लावता लावता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वक्ताला माझंबी असंच झालं हुतं."

मी दुसरा डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. हसताना त्या तोंडावर पदर धरतात, तो मी इतकी वर्षं संकोचाचा समजत होते.

"गिराणात भाजी चिरली आसंल, म्हनाली मानसं. दवाखाना कुनाला ठावं? बारशालाबी मला भाईर बसू दिलं न्हाई. निम्मं बरं झालं, निम्मं तसंच ऱ्हायलं."

माझं डोहाळजेवण ठरलेलं होतं. नको म्हणून मी हट्ट धरला. सासूबाई ऐकेनात. "तू बसायचं. मी बसते शेजारी." त्यांनीच माझ्या केसांत गजरा माळला. ओटी भरताना एका बाईने हळू आवाजात ग्रहणाचं विचारलंच. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नसंला सूज हाय. व्हईल बरी. कुनाला असं झालं तर घरात बसवू नका, दवाखान्यात न्या."

फोटोत मी वाकडी हसले आहे. तो फोटो मला आवडतो.

मुलगी झाली. तिला पाजताना एकदा उजव्या गालात बारीकसं काहीतरी फडफडलं. भास वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडफडलं. मग हळूहळू डोळा मिटू लागला, गरम चहावर फुंकर मारता येऊ लागली. रजा संपवून वर्गात उभी राहिले, फळ्यावर 'प' काढला आणि मोठ्याने म्हटला. चाळीसेक पोरं माझ्यामागून ओरडली.

शेवटच्या तपासणीला सासूबाई बरोबर होत्या. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "माझं आता काही व्हईल का, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, चेहरा नीट तपासला. "फार वर्षं झालीत, पूर्ण होणार नाही. पण व्यायामाने थोडा फरक पडेल."

"थोडा तर थोडा," सासूबाई म्हणाल्या.

आता धारा काढून झाल्या की त्या ओसरीवर आरसा घेऊन बसतात आणि गाल फुगवतात, ओठांचा चंबू करतात. मुलगी रांगत येते, आजीपुढे बसकण मारते आणि ओठांचा चंबू करून तिची नक्कल करते.