डाव्या अंगाची बटणं

आमचे मास्तर शिंपी आहेत, आणि मुलखाचे घुमे. अकरा वर्षं मी त्यांच्या दुकानात काज-बटण करते. एवढ्या काळात "वहिनी, दोरा द्या" याच्यापलीकडे फारसं काही माझ्या वाट्याला आलं नाही. बायको गेली, लेक नोकरीसाठी लांब गेली, तसे ते आणखीच मिटले. कधी कधी डोक्यात तिडीक जायची माझ्या.

बोलायचे ते फक्त रविवारी. शनिवारी टीव्हीवर ती अवकाशयानाची मालिका लागायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लेकीला फोन लावायचे. हात शिवणात, म्हणून फोन स्पीकरवर. कप्तान वाट चुकला, इंधन संपलं, निळ्या ग्रहावरच्यांनी दगा दिला. तास तास चालायचं. अशी नऊ वर्षं. मी एकही भाग बघितलेला नाही, पण गोष्ट मला तोंडपाठ.

परवा ती संपली. कप्तान घरी पोचला, लेकीला मिठी मारली आणि यानातल्या खुर्चीत जागा झाला. म्हणे सगळं स्वप्न. नऊ वर्षं बघणाऱ्यांच्या तोंडाला चक्क पानं पुसली मेल्यांनी. मला वाटलं, मास्तर आता आठवडाभर तोंड पाडून बसणार. कसलं काय, रविवारी स्वारी खुशीत.

"वहिनी, संपलेली नाही ती. जो जागा झाला, त्याच्या कोटाची बटणं डाव्या अंगाला होती. पुरुषाची उजवीकडे असतात. हा आरशातला कप्तान आहे. खरा अजून वरच भटकतोय. पुढचे भाग येणार."

"अहो, चित्र उलटं लागलं असेल," मी म्हटलं. पण ते ऐकतात कशाला? मालिका संपली तर लेकीशी बोलायचं काय, हा घोर लागला होता त्यांना. मला काय कळत नव्हतं?

फोन लागला. "बघितलीस ना बटणं?"

"कुठली बटणं, बाबा?"

त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"बाबा, रागावू नका. मी तिसऱ्या वर्षीच बघायचं सोडलं. तुमचा फोन यायच्या आधी मोबाईलवर त्या भागाची गोष्ट वाचून घ्यायचे. एरवी तुम्ही बोलतच नाही, म्हणून."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "म्हणजे सहा वर्षं मी एकटाच बघत होतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पण फोन करत जा ना."

"करीन की. पण बोलायचं कशावर?"

ते खरंच विचारत होते. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अहो, जेवलीस का विचारा, सर्दी गेली का विचारा. पण बापलेकीच्या मध्ये मी कोण? फोन चालूच होता, आणि दोघं काही बोलत नव्हती.