इंजिनाच्या नाकाखाली

फाटक बंद दिसलं की पायलटकाका गाडी बंद करायला लावत, खाली उतरत आणि येणाऱ्या इंजिनाकडे न बघता फाटकाशी थांबलेल्या माणसांकडे बघत राहत. एकेकाला निरखून. का, याचं मला फार कुतूहल होतं.

तीस वर्षं रेल्वेत लोको पायलट म्हणून मालगाड्या चालवून निवृत्त झाल्यावर ते वैशाली नगरात आमच्यासारख्या उशिरा शिकणाऱ्यांना कार शिकवत. गल्लीतली पोरं विमानाबद्दल विचारत. ते म्हणत, "माह्यं विमान वळत नव्हतं बाबू. पुढे कोनी आलं तरी."

रुळांआधी काचा खाली, रेडिओ बंद. एक गाडी गेली तरी दुसऱ्या रुळाकडे बघायचं. फाटक उघडल्यावरही, पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत चाक हलवायचं नाही. मागचे हॉर्न वाजवत. "वाजवू दे, त्याइले ब्रेक हाये," एवढंच ते म्हणत.

पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला विचारत, बंद फाटकाखालून कधी गाडी काढली का? मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. दहा वर्षांपूर्वी, शाळेला उशीर होतोय म्हणून, मरोद्याच्या फाटकाखालून मी स्कूटर वाकवून काढली होती. मागे माझी आठ वर्षांची मुलगी बसली होती.

महिनाभर ते खोटं घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो. शेवटच्या दिवशी त्याच फाटकावर थांबलो असताना सांगून टाकलं. वाटलं, आता हे उतरून चालू लागतील.

त्यांनी विचारलं, "इंजिन कसं दिसलं तुले?"

"दूर. हळू येतंय, असं वाटलं."

"तसंच वाटते. मोठी वस्तू हळूच वाटते." मग म्हणाले, "आमाले तं मानूस इंजिनाच्या नाकाखाली गेला की दिसतच नाही. हॉर्न दाबून बसाचं. काही लागलं नाही म्हनून मागच्या डब्यातला गार्ड सांगते. पन आपल्या डोयानं पाह्यलेलं नसते ना."

मग मुलगी आता काय करते, ते त्यांनी विचारलं. कॉलेजात आहे म्हटल्यावर म्हणाले, आज तुझ्याकडे चहा घेतो.

चहा तिनेच आणला. काका तिच्याकडे असे बघत राहिले की ती अवघडून गेली. कप घेऊन ती आत वळली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "एक तरी निघाली बाप्पा पलीकडे."

त्या हिवाळ्यात काका गेले. मुलगी अजून विचारते, "पापा, वो अंकल मुझे ऐसे क्यों देख रहे थे?" तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही, म्हणून हे लिहिलं. इथल्या हिंदी शाळेत शिकल्यामुळे मराठी ती अडखळत वाचते. इथपर्यंत पोचायला तिला वेळ लागेल.