पपईवरची पाखरं
पिकल्या पपईचा वास आला की मला आमचं बाभुळगावजवळचं अंगण आठवतं. त्या वर्षी कपाशीवर अळी पडली होती, आणि बाबा उलट्या वाऱ्यात औषध फवारून आले ते थेट दवाखान्यातच गेले. घरी परतले तेव्हा डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं. नजर हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं परसातली पपई अर्धी चिरून कुंपणाच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या वाळक्या काड्यांत, खोचली आणि बाबांना समोर बाजेवर बसवलं. रोज सकाळी पाखरं यायची. आई विचारायची, "आवो, कोन आलं, सांगा बरं?" बाबा म्हणायचे, "बुलबुल." थोड्या वेळानं, "आता राघू." आई आनंदानं माझा हात दाबायची, "पाह्य, दिसून राह्यलं त्याइले!" ही पाखरं आल्याआल्या ओरडतात, हे मला कळत होतं, पण आईला सांगवत नव्हतं. मग एका सकाळी हळद्या आला. पिवळाधम्मक, हातभर अंतरावर, मुकाट्यानं पपईत चोच खुपसून बसला. "आता कोन आलं?" आईनं विचारलं. बाबांनी मान पुढे काढली, डोळे ताणले, डोळ्यांतून पाणी आलं. "आज अजून कोनीच नाही आलं," ते म्हणाले. आईनं त्या पाखरापुढे हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बोल ना रे बाप्पा, एकदा तरी बोल." ते पोटभर खाऊन उडून गेलं. आता माझ्या गॅलरीत मी पपईची फोड ठेवते. कधी हळद्या येतो, तेव्हा मी डोळे मिटून घेते. खरंच, कोणीच आलेलं नसतं.